घरटी एक हात

रात्रीतून कॅनॉलला पाणी सुटलं होतं. उजाडता भागू भरावावर चढली तेव्हा ते काठाला लागून पळत होतं, गढूळ, काड्याकुड्या नि रिकाम्या बाटल्या पोटावर घेऊन. तिनं डोक्यावरचं गाठोडं खाली टाकलं. कासऱ्याचं एक टोक बाभळीच्या बुंध्याला बांधलं, दुसरं आपल्या कमरेला. गाठ दोनदा ओढून पाहिली आणि पाठमोरी होऊन, सिमेंटच्या उतारावर पाय चाचपत ती खाली उतरली.

"आत्या, मी कासरा धरू का मधी?" वरून सून हर्षालीनं विचारलं.

"कासरा बाभळीनं धरलाय. तू बूड टेकून बस नि पोट धर."

हर्षाली बसली. सातवा लागला होता. नवरा चाकणला कंपनीत, महिन्यातून दोनदा यायचा. तिनं पाण्याकडं बघायचं टाळलं आणि बाभळीच्या बुंध्याकडं बघत राहिली.

दोन वर्षांमागं कॅनॉलला सिमेंटचं अस्तर झालं. मुरणारं पाणी वाचलं, खालच्या शेतकऱ्यांना बरं झालं. पण कातळवाडीच्या बायकांचे धुण्याचे दगड त्या सिमेंटखाली गेले. नळाला आठवड्यातून दोन वेळा पाणी, तेही प्यायपुरतं. गावतळ्यात धुवायला बंदी, कारण नळाचं पाणी तिथूनच उचललेलं. राहिला कॅनॉल. शेवाळ धरलेल्या त्या उतारावर पाय ठरत नाही, म्हणून कासरा.

संक्रांतीच्या पाण्याला हर्षाली इथंच घसरली होती. तेव्हा कासरा नव्हता. ती पाण्यात गेली ती पुलापर्यंत वाहत गेली. खालच्या अंगाला हाजराबी पिंजारीण वाकळ धूत होती. तिनं हातातली ओली वाकळ तशीच पाण्यात फेकली आणि तिचं टोक पोरीच्या मुठीत आलं. पोटात जीव आहे हे तोवर घरात दोघींनाच ठाऊक होतं.

आत्ताही हाजराबीच आली, डोक्यावर दोन वाकळा घेऊन.

"एकटीच उतरली व्हय गं भागू? थांबायचं की जरा."

"थांबून चालतंय कसं? भिमाजीशेठच्या कांद्यात जायचंय उद्यापसनं. टोळी सांगून ठेवलीय."

हाजराबीनं वाकळा टेकवल्या. तेवढ्यात गावातून मारुतीच्या देवळाचा भोंगा वाजला. सप्ताह चालू होता. काकडा संपला की शिपाई भोंग्यावर यायचा. आज त्यानं खाकरून सांगितलं की उद्या सकाळी अकरा वाजता मारुतीच्या मंडपात महिला ग्रामसभा आहे, परवा एक मे रोजी ग्रामसभा आहे, तरी सर्व महिलांनी उपस्थित राहावे.

"अकराला कुठली बाई सापडणार गावात?" हाजराबी म्हणाली. "समद्या तर तुझ्या टोळीत. म्हणूनच ठिवलीय अकराला."

"म्हणजे?"

"आमचा इब्राहिम पत्र्याची कामं करतोय न्हवं, त्याला परवा माप घ्यायला बोलावलं व्हतं देवळात. बायका कीर्तनाला बसतात ना, त्या बाजूला पत्र्याची शेड टाकायची. पैसा कुठला, तर महिला-बालकल्याणाचा. पंचायतीच्या कमाईतला दहावा हिस्सा बायापोरांचा असतोय, त्यो."

भागू धुणं आपटायची थांबली. "त्यातून गेल्या साली हळदीकुंकू केलं व्हतं ना?"

"केलं की. डबे वाटले. माझ्या डब्याचं झाकण अजून बसत न्हाई." हाजराबी वाकळ उलगडू लागली. "त्याच्या आदल्या साली गावाची कमान. इचारलं तर म्हणाले, कमानीखालून बाया पण जातात."

हर्षालीला हसू आलं. भागूला आलं नाही. ती कमरेची गाठ मुठीत धरून उभी होती.

"त्या पैशात हितं पायऱ्या झाल्या असत्या," ती म्हणाली.

"सभेत म्हण की मग."

*

भागूचा नवरा चांगदेव न्याहारीला घरी आला तेव्हा कपाळावर बुक्का होता आणि सकाळपासून टाळ धरल्यानं बोटं आखडली होती. सप्ताहाच्या पंचकमिटीत तो होता. तीन पिढ्यांची माळ घरात, त्याचा आवाज पहाडी, काकड्यात तो नसला तर भजन उठत नाही असं गावच म्हणायचं. भागूला त्याचा अभिमान होता. लग्न होऊन आली त्या पहिल्या सप्ताहात हा माणूस डोळे मिटून गात होता तेव्हा तिला वाटलं होतं की आपलं बरं झालं.

तिनं भाकरी वाढली.

"शेडचं खरं हाय का?"

"कोण म्हणलं?" त्यानं घास मोडला. "हाय खरं. काल्याच्या कीर्तनाला बाया उनात भाजतात. तुझीच पाठ सोलून निघती दरसाल. तुमच्यासाठीच करतोय न्हवं?"

"आमाला इचारलं व्हतं?"

"त्यात इचारायचं काय? देवाच्या दारातलं काम हाय."

"कीर्तन मला बी गोड लागतंय," भागू म्हणाली. "पण कीर्तनात कोण वाहून गेलंय का आजवर?"

चांगदेवचा हात ताटात थांबला. हर्षाली चुलीपाशी होती, तिनं खाली बघितलं.

"बांधून घेता की आता कमरेला," तो म्हणाला.

"म्हशीला बी बांधतात."

"भागे!" त्याचा आवाज चढला, मग त्यानंच खाली आणला. "हे बघ. पंचकमिटीत शब्द दिलाय मी. माळंला हात लावून दिलाय. पावसाआधी शेड उभी करू म्हणून. आता तू सभेत उठून काय बोलू नको. माझं तोंड राहू दे."

तो हात धुऊन निघून गेला. अर्धी भाकर ताटात तशीच होती.

*

दुसऱ्या दिवशी भिमाजीच्या वावरात टोळी उतरली. तीसेक बाया, रांगेनं बसलेल्या. कांदा आधीच उपटून पातीसकट ओळीनं पसरला होता. डाव्या हातात कांदा, उजव्या हातात विळा. मान बोटभर ठेवून पात छाटायची, कांदा ढिगावर टाकायचा, बुडावरच पुढं सरकायचं. उन्हाचा तडाखा होता आणि पश्चिमेला आभाळ काळवंडत होतं. चार दिवसांखाली शेजारच्या आणे पठारावर गारा पडल्याची बातमी होती. बोटांच्या चिरांत कांद्याचं पाणी जाऊन झोंबत होतं. बोलायला कुणी तयार नव्हतं.

भिमाजी बांधावर उभा होता. गावचा उपसरपंच, सप्ताहाचा खजिनदार, बारा एकर बागायत. वाईट माणूस नव्हता. अडल्या-नडल्याला गाडी द्यायचा. फक्त दुसऱ्याला काय हवं हे आपल्यालाच कळतं असं त्याला वाटायचं.

"आभाळ बघा गं बायांनो! आज ढीग झाकला न्हाई तर माझी माती झाली."

अकराच्या सुमाराला भागू विळा खोचून उठली.

"शेठ, तासाभराची सुट्टी द्या. सभेला जाऊन येतो."

"कसली सभा?"

"महिला ग्रामसभा. तुमीच लावलीय."

भिमाजी हसला. "अगं, ती कागदाची असती. शिपाई संध्याकाळी घरी येईल, सह्या-अंगठे घेईल. दरसाल घेतो. त्यासाठी कांदा उघडा टाकून जाता व्हय? भिजला तर सरकार भरून देणार हाय का?" त्यानं गाडीला किक मारली. "मलाच जायचंय तिथं. तुमी हात चालवा."

गाडी गेली. धूळ खाली बसली तेव्हा रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "घ्या. शेठ बायांच्या सभेला नि बाया शेठच्या कांद्यात."

रांगभर हसू पसरलं. मग विरलं. सगळ्या भागूकडं बघत होत्या.

"चला म्हणत असशील तर उठतो आमी," एक तरुण बाई म्हणाली. "भिजू दे त्याचा कांदा."

भागूनं ढिगाकडं बघितलं. गुलाबी, गोल, एकेक कांदा चार महिने पाणी पिऊन झालेला. तिच्याच टोळीनं पौषात रोप लावलं होतं ते. तिला उठवेना. अन्न होतं ते. शेठचं असो नाहीतर कुणाचं. आणि बसवेना पण. ती बांधावर गेली, कमरेचा फोन काढला आणि सरपंच ठकूबाईला लावला.

ठकूबाई साठीतली, विधवा. सरपंचपद बाईला आलं तेव्हा भिमाजीनंच तिला उभी केली होती, आणि तो बोट ठेवील तिथं ती सही करायची. पण वीस वर्षं तिनंही याच टोळीत कांदा कापला होता.

"नानी, सभा बसली का?"

"बसली की." फोनमध्ये पंख्याचा आवाज येत होता. "पाच जणी हायेत. पंचांच्या घरच्या. भाऊसाहेब म्हणतात लवकर उरका. शेडचं लिवून आणलंय त्यांनी. तू ये की गं."

"मला येता येत न्हाई. कांदा टाकून कसं येऊ? आभाळ आलंय."

"मग?"

"तुमी हिकडं या."

फोनवर नुसता पंखाच वाजत राहिला.

"हितं तीस जणी बसल्यात नानी. तिथं पाच. तुमीच सांगा, बायांची सभा कुठं हाय?"

ठकूबाईनं फोन ठेवला. भागू परत रांगेत येऊन बसली. विळा हातात घेतला. पहिल्या कांद्याची मान तिनं सगळीच छाटून टाकली.

बऱ्याच वेळानं वावराच्या वाटेला एक स्कूटर दिसली. पुढं ग्रामसेवक, मागं एका अंगानं बसलेली ठकूबाई, दातांत पदर धरलेली. ग्रामसेवकाला सगळे भाऊसाहेब म्हणायचे. तीन गावं सांभाळून कावलेला तरुण माणूस.

"असं करता येत नाही हो," तो उतरता उतरता म्हणत होता. "नोटिशीत मंडप लिहिलाय. उद्या कोणी तक्रार केली तर माझ्यावर येईल."

"पाच बायांत सभा केली तर येणार न्हाई का?" ठकूबाई म्हणाली.

भाऊसाहेबानं रांगेकडं बघितलं. घामानं चिकटलेले पदर, वर वळलेले तीस चेहरे, आणि एकही हात थांबलेला नाही. त्यानं रुमालानं मान पुसली. "तिथं उघडली, तहकूब करून इथं आणली, असं लिहितो," तो म्हणाला आणि क्रेट पालथा घालून त्यावर बसला.

ठकूबाईला कुणी क्रेट दिला नाही. ती सवयीनं ढिगापाशी बसली आणि एक विळा ओढून घेतला.

तेवढ्यात भिमाजीची गाडी आली. तो चालू गाडीवरूनच ओरडला, "हे काय चाललंय माझ्या वावरात? कोणी सांगितलं?"

विळ्यांचा आवाज तेवढा येत होता.

"भागू, तुला इचारतोय मी."

भागूनं कांदा ढिगावर टाकला. "हात चालूच हायेत, शेठ. थांबवू का?"

भिमाजीनं आभाळाकडं बघितलं. ते आता डोक्यावर आलं होतं. तो बांधावर जाऊन उकिडवा बसला. एका बाईला हसू फुटलं, ते तिनं पदरात दाबलं.

"बोला आता," ठकूबाई म्हणाली. "शेड का आणखी काय?"

आधी भागूच बोलली. हर्षालीचं सांगायला लागली, पण ते तिला नीट सांगता येईना. वाकळीपाशी आली आणि तिनं पुढचा कांदा उचलला. मग बाकीच्या सुरू झाल्या. कुणाची नणंद घसरली होती, कुणाची पोर शाळेतून थेट धुण्याला जायची म्हणून आई दिवसभर घोरात असायची. कुणी नुसताच ढोपरावरचा व्रण दाखवला.

"कॅनॉलमध्ये आपल्याला वीट लावता येत नाही," भाऊसाहेब म्हणाला. "पाटबंधाऱ्याची परवानगी लागते. वर्ष जाईल." बायांचे चेहरे पडले. त्यानं पेन कानामागं घातलं, काढलं. "पण तळ्याशेजारी गावठाणाची पड जागा आहे. तळ्याची मोटर पंचायतीचीच. बाहेर हौद बांधला, त्याला लागून धुण्याचे ओटे, आडोसा, तर परवानगी कोणाची लागणार? सांडपाणी तळ्याच्या खालून काढायचं."

"मग लिवा की!" तीन-चार जणी एकदम म्हणाल्या.

"थांबा गं," मघाची म्हातारी म्हणाली. "मला शेड बी पायजे. उनानं डोकं फुटतंय माझं काल्याला. खोटं कशाला बोलू?"

"पायजे तर मलाही हाय आजे," भागू म्हणाली.

म्हातारीनं आणखी एक कांदा छाटला. "पण माझ्या नातीला पाण्याचं भ्या वाटतंय," ती म्हणाली. "आधी हौद लिवा."

ठकूबाईनं हात वर करायला सांगितले. विळे खाली ठेवून सगळ्यांनी हात वर केले, पातीचा रस लागलेले हिरवे तळवे. भाऊसाहेबानं मोजले आणि लिहिलं. तेवढाच काय तो कांदा थांबला.

संध्याकाळपर्यंत ढीग झाकून झाला. ताडपत्रीवर दगड ठेवताना भिमाजी भागूच्या जवळ आला.

"उद्या गावाची सभा हाय. तिथं बघू तुमचा ठराव. आणि हा कांदा झाला तेवढा झाला. पुढची लावण मी पिंपरी पेंढारच्या टोळीकडून करून घेईन."

भागूनं दगड ठेवला, हात झटकले. भिमाजीचं वावर म्हणजे टोळीचं अर्धं वर्ष होतं.

*

चांगदेव हरिपाठाहून आला तो उंबऱ्यातच उभा राहिला. टाळांची पिशवी खुंटीला लावली नाही.

"लई मोठं नाव केलं आज घराचं. मंडपात मला इचारत व्हते, तुझ्या घरात दोन पंचायती हायेत का म्हणून. समदी हसली. माझ्याकडं बघून हसली."

भागूनं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यानं घेतला नाही.

"उद्या तू येऊ नको."

"यीन मी."

"मग हात वर करू नको. घरटी एक हात असतोय. वर्गणी जशी घरटी, तसा हात. माझ्या बापापासनं हाय ते. आपल्या घरचा मी करीन." त्याचा आवाज भरला. "तेवढं ठेव माझं. माळ घातलीय मी गळ्यात. शब्द मोडला तर टाळ कुठल्या तोंडानं धरू?"

आतल्या दारात हर्षाली येऊन उभी होती. पाय सुजलेले, एक हात चौकटीला. सासऱ्यासमोर ती सहसा बोलत नसे.

"मामा," ती म्हणाली, "पाण्याखाली माझे डोळे उघडेच व्हते. वर समदं पांढरं दिसत व्हतं. तवा देवाचं नाव आठवलंच न्हाई मला. मी आत्याला हाक मारली, तर तोंडात पाणी गेलं."

चांगदेव तिच्याकडं बघत राहिला. मग तो वळला आणि पिशवी घेऊन देवळाकडं गेला. वाढलेलं ताट भागूनं झाकून ठेवलं.

*

एक मेची ग्रामसभा मारुतीच्या मंडपात भरली. झेंडावंदन होऊन पुरुष सतरंजीवर बसले होते. बायका मंडपाबाहेर फरशीवर, जिथं त्या कीर्तनाला बसतात तिथं. एवढ्या बायका ग्रामसभेला कधी आल्या नव्हत्या. हाजराबी खांबाला टेकून बसली होती, भागू तिच्या पुढं. हर्षालीला घरी ठेवलं होतं.

कातळवाडीत सभा मोजायची पद्धत कुणी ठरवलेली नव्हती. सप्ताहाची वर्गणी घरटी, पंगतीचं धान्य घरटी. याच मंडपात, याच माणसांनी ते वर्षानुवर्षं मोजलेलं. ग्रामसभा पण तिथंच भरायची, म्हणून हातही घरटीच मोजले जाऊ लागले. घरचा पुरुष हात वर करी आणि घर झालं.

भाऊसाहेबानं उठून सांगितलं की नियमानं प्रत्येक मतदाराचा हात वेगळा धरला पाहिजे.

"नियम तालुक्याला," भिमाजी म्हणाला. "हितं घरटी एक हात. वाडवडलांपासनं हाय. काय मंडळी?"

सतरंजीवरून होकार आला. भिमाजीनं बाहेरच्या बायकांकडं एकवार बघितलं, मोजल्यासारखं.

ठकूबाई टेबलामागं बसली होती. चष्मा काढून तिनं पुसला. "बरं," ती म्हणाली. "घरटी तर घरटी."

बाहेर कुजबुज झाली. "झालं," हाजराबी म्हणाली. "नानी फिरली."

"पण आधी बायांचा कालचा ठराव घेते," ठकूबाई म्हणाली. आवाज बारीक होता, पण मंडपात पोचला. "पैसा त्यांचा हाय. ज्या घराला तळ्याजवळ धुण्याचा हौद पायजे, त्या घरानं हात वर करावा. घरातलं कोणी बी करा."

एकाही पुरुषानं हात उचलला नाही. चांगदेव दुसऱ्या रांगेत, पाठ बायकांकडं करून बसला होता. भागूला त्याची मान दिसत होती, मानेवरची माळ दिसत होती. तिचा उजवा हात मांडीवर होता. तो उचलायला तिला जेवढं बळ लागलं, तेवढं कॅनॉलमधून भिजलेली वाकळ ओढायला लागत नाही.

तिनं हात वर केला.

"अरे, अरे!" पुढून कुणीतरी म्हणालं. "चांगदेव, मागं बघ की!"

हशा झाला. भिमाजी उभा राहिला. तोही हसत होता, पण डोळे हसत नव्हते.

"चांगदेव, तुझ्या घरचा हात कुणाचा धरायचा? तू सांग. पंचकमिटीत शब्द तू दिलाय."

चांगदेवनं मागं वळून बघितलं. भागूचा हात वरच होता. तिनं त्याच्या नजरेला नजर दिली नाही. ती समोर मारुतीकडं बघत होती. चांगदेव उठला. उठताना गुडघा कडकला. त्यानं माळेला हात लावला.

"शब्द मी दिला व्हता," तो म्हणाला. "घरानं दिला न्हवता. घराला मी इचारलंच न्हाई."

"मग?"

"मग काय? घरटी एक हात ना? आमच्या घरचा वर गेलाय. मोजा."

तो खाली बसला. त्याच्या शेजारचा माणूस किंचित सरकून बसला.

हाजराबीचा हात वर गेला. मग म्हातारीचा. मग टोळीतल्या बायांचे, एकेक करत, नंतर एकदम. मंडपात पुरुष मागं वळून आपापलं घर शोधू लागले. एकानं बायकोला डोळे वटारले, तिनं हात अर्ध्यावर आणला आणि तिथंच धरला, ना वर ना खाली. एक म्हातारा आपला हात वर करून बायकोला ओरडून म्हणाला, "तू राहू दे, मीच केलाय!" आणि यावेळी बायका हसल्या.

भाऊसाहेबानं मोजलं, ठकूबाईनं ओठ हलवत वेगळं मोजलं. मग शेडसाठी हात मागितले. जी घरं उरली होती त्यांचे वर आले. ते कमी होते.

"ठराव झाला," ठकूबाई म्हणाली. भिमाजीनं पुढं केलेला कागद तिनं बाजूला सारला आणि भाऊसाहेबानं पुढं केलेल्यावर सही केली. सही करताना तिनं कुणाचं बोट शोधलं नाही.

भिमाजी चपला घालून निघून गेला. टोळीच्या कामाचं काय, हे भागूला कुणी विचारलं नाही, पण तिला ते आठवत होतं.

*

दुसऱ्या दिवशी काल्याचं कीर्तन. सकाळी दहालाच ऊन कडक झालं होतं. चांगदेव धुतलेलं धोतर नेसून, टाळ गळ्यात अडकवून मंडपात गेला. दरसाल तो महाराजांच्या उजव्या हाताला उभा राहायचा. आज तिथं दुसराच टाळकरी होता.

"आज टाळकरी भरपूर झालेत, भाऊ," पंचांतला एकजण त्याच्याकडं न बघता म्हणाला. "बसा तुमी."

तो सतरंजीपाशी आला. जागा होती, पण कुणी गुडघा आवरला नाही. थोडा वेळ तो तसाच उभा राहिला. मग मंडपातून बाहेर आला आणि बायकांच्या कडेला, फरशीच्या टोकाला बसला. बसला तसा दचकून अर्धा उठला.

भागू हातभर अंतरावर होती.

"लई तापलीय की गं ही फरशी."

"तापती."

"दरसाल अशीच?"

"काल्याला अशीच."

तो पुन्हा टेकला. उपरणं डोक्यावर घेतलं. इकडंतिकडं बघितलं. एकाही बाईच्या डोक्यावर पदराशिवाय काही नव्हतं, कडेवरच्या पोरांना त्यांनी तोच अर्धा अर्धा पांघरला होता. त्यानं उपरणं काढून मांडीवर ठेवलं.

"पुढल्या साली वर्गणीतून करू हितं काहीतरी," तो पुटपुटला. "घरटी काढू."

"काढा," भागू म्हणाली. "पण इचारून काढा."

आत महाराजांनी गजर सुरू केला. चांगदेवनं बसल्या बसल्याच टाळ हातात घेतले. पहिला ठेका त्यानं हळू धरला, चोरल्यासारखा. भागूनं टाळी धरली, मग म्हातारीनं, मग रांगेनं सगळ्यांनी. कांद्यानं चिरलेल्या हातांची टाळी जाड वाजत होती. चांगदेवचे डोळे मिटले. आवाज आपोआप सुटला, पहाडी, मोकळा, आणि त्यावर बायकांचे चाळीस-पन्नास आवाज चढले. आतला गजर क्षणभर मागं पडला.

महाराज थांबले नाहीत. नाचता नाचता त्यांनी एक गिरकी घेतली, तोंड त्या उन्हातल्या बाजूला केलं आणि पुढचं नाम तिकडं बघूनच उचललं.